हिरोडोटसचे आकडे कितपत खरे धरायचे?

खानापूरकर:
बीएला इतिहास घेतलाय, आता ग्रीक-पर्शियन युद्धं वाचायलोय. त्यावेळचा ग्रीक इतिहासकार हिरोडोटस म्हणतोय इ.स.पू. ४८० ला पर्शियाचा राजा झर्क्सीस १७ लाख पायदळ घेऊन ग्रीसवर चालून आला, आणि आरमार, नोकरचाकर सगळं धरून आकडा ५२,८३,२२०. शेवटचे ते २२० बघून हसूच आलं, वर बायका-आचारी मोजलेच नाहीत म्हणे. पर्शियाच्या बाजूनं या स्वारीची हकिकत कुणी लिहिलेली मिळत नाही, मग ताडून बघायचं कशाशी? थापाड्या म्हणून सोडून द्यावं काय?

वडगावचे मास्तर:
सोडू नकोस रे. आकडा आला कुठनं ते बघ की. वाटेत डोरिस्कस या गावाला झर्क्सीसनं १० हजार माणसं दाटीवाटीनं उभी केली, भोवती रेघ मारली, रेघेवर बेंबीएवढी भिंत घातली आणि मग माणसं आत भरायची नि काढायची, अशा १७० खेपा. आमची आजी खळ्यात पायलीनं भात मोजायची तसंच, पहिल्या पायलीला एक न म्हणता लाभ म्हणायची ती. माप ठीक आहे, पण खेपा कुणी मोजल्या? हिरोडोटस तेव्हा लहान पोर, लिहिलं ते ऐकून, कित्येक वर्षांनी. आज बरेच अभ्यासक लाख-दोन लाखांवर येऊन थांबतात. आणि लोक सांगतात ते सांगणं माझं काम, सगळं खरं मानायला मी बांधील नाही, असं तो स्वतःच म्हणून ठेवतो.

टिळकवाडीची ताई:
आकडे राहू देत ओ मास्तर, माया कुणावर आहे ते बघा. हिरोडोटस हॅलिकार्नासस गावचा, आणि तिथली राणी आर्टेमिसिया सलामिसच्या आरमारी लढाईत झर्क्सीसकडनं लढली, तर तिचं कौतुक करताना याचा हात थांबत नाही. आपल्याकडं बेळगावात १ नोव्हेंबर झाला की दुसऱ्या दिवशी मराठी पेपर काळ्या दिनाच्या फेरीनं भरलेला, कन्नड पेपर राज्योत्सवाच्या मिरवणुकीनं. आमच्यात दोन्ही येतात, दोन्ही वाचले की मग जरा अंदाज येतो गावात काय झालं त्याचा. ग्रीकांच्या बाबतीत दुसरा पेपरच नाही हो.

निपाणीवाला:
अथेन्स-स्पार्टा युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या थ्युसिडिडीसला लोक निःपक्षपाती म्हणून डोक्यावर घेतात पण तो स्वतः अथेन्सचा सेनापती, इ.स.पू. ४२४ ला अँफिपोलिस शहर वाचवायला वेळेत पोचला नाही आणि २० वर्षं हद्दपार झाला. हे त्यानंच लिहिलंय, ते मी खरं धरतो, स्वतःची बेअब्रू कोण फुकट सांगणार? पण अथेन्सचा पुढारी क्लिऑन याचं नाव आलं की लेखणी तिखट होते, आणि तो क्लिऑन ४२२ ला मेला कुठं, तर त्याच अँफिपोलिसला, पळता पळता, असं हाच सांगतो!! तिथं मी दोनदा वाचतो. त्याच्या पुढचा इतिहास लिहिणाऱ्या झेनोफननं तर कमालच केली, ३७१ ला ल्यूक्ट्राच्या लढाईत स्पार्टाला लोळवला थीब्ज शहराचा सेनापती एपामिनोंडासनं, आणि त्या लढाईच्या वर्णनात त्याचं नावच नाही. स्पार्टावाल्यांनी झेनोफनला जमीन दिली होती, एवढं सांगतो फक्त.

खानापूरकर:
आयला, आमच्या नोट्समधनं पण एपामिनोंडास गायब हाय की! ताई, २ नोव्हेंबरचे ते दोन्ही पेपर रद्दीत घातला नसाल तर ठेवा, शनिवारी बेळगावला येतोय, घेऊन जातो. प्रोजेक्टला पहिल्या पानावर तेच लावायचं बघतो.