मधमाश्यांसाठी फुलं लावायची आहेत, पण भैरू सगळं उकरतो. काय लावू?

नमस्कार मंडळी. साताऱ्यात घरामागे साधारण 10 बाय 12 फुटांचा मातीचा तुकडा आहे. गेल्या पावसाळ्यात लाल भोपळ्याचा वेल लावला होता. फुलं भरपूर, पण बोटाएवढी फळं पिवळी पडून गळायची. शेवटी सकाळी सातला मीच नरफूल तोडून मादीफुलावर घासत बसायचे. चार भोपळे मिळाले, पण हे काम माझं नव्हे हो, माशीचं!

म्हणून पाडव्याच्या आत फुलझाडं लावतेय. नर्सरीवाल्याने सदाफुली, घाणेरी, कण्हेर सुचवलंय. अडचण एकच, आमचा भैरू. दीड वर्षाचा गावठी कुत्रा. मी खुरपं घेतलं की हा शेजारी हजर, आणि मी खड्डा बुजवला की हा उकरतो. शिवाय पानं चघळतो. त्याला चालेल आणि माश्यांनाही आवडेल असं काय लावू?
– परसबागवाली

ताई, नर्सरीवाल्याची यादी फाडून टाका. तिन्ही झाडं कुत्र्याच्या पोटात जाऊ नयेत अशीच आहेत, आणि कण्हेर तर जिवावर बेतू शकते. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, तीही नको. फुलपाखरांसाठी कुणी रुई किंवा पानफुटी लावायला सांगेल. रुईवर आणि पानफुटीवर ठरावीक फुलपाखरांच्या अळ्या वाढतात हे खरं, पण चघळणारं कुत्रं घरात असताना नकोच. त्यापेक्षा कढीपत्ता लावा. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पानावर दिसली तर चिरडू नका, फुलपाखराचीच आहे ती.

फुलांत झिनिया, कॉसमॉस, सूर्यफूल बियांपासून लावा. एकेरी पाकळ्यांचीच घ्या. गच्च भरलेल्या फुलात माशीला आत शिरायलाच वाव नसतो. आणि एकेक रोप विखरू नका, एका जातीची सात-आठ रोपं एकत्र. माशी एका फेरीत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर फिरते. तुळशीच्या मंजिऱ्याही खुडू नका. (आमच्याकडे यावरून सासूबाईंशी वाद झालाय.)
– गच्चीतला माळी

खताकडे लक्ष द्या! एरंडीची पेंड आणू नका, कुत्र्यांना ती वासामुळे आवडते आणि ती विषारी आहे. हाडांचा चुराही नको, त्याच्या वासाने तर हमखास उकरणार. कुजलेलं शेणखत पुरे. आमच्या मोतीने पेंडीच्या पिशवीत तोंड घातलं होतं, दोन दिवस सलाईनवर होता. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.
– मोतीची आई

उकरतोय तो उन्हाने. ओली माती गार लागते ना! सावलीत त्याला वाळूचा एक कोपरा करून द्या, रोज पाणी शिंपडा. उरलेल्या जागेत हातभर जमीन उघडीच ठेवा. काही माश्या पोळं न करता एकेकट्या जमिनीत बिळं करून राहतात. निळ्या पट्ट्यांची माशी बघितली असेल, वांग्या-टोमॅटोच्या फुलाला लटकून गुणगुणते, तीही मातीतच घर करते.
– भुंगा

सगळ्यांचे आभार. सहा आठवड्यांनी लिहितेय. झिनिया सहाव्या दिवशी उगवली, आता कळ्या आल्यात. तुळशीवर सकाळी आठपासून फुलोरी माश्या (त्या छोट्या मधमाश्या), मोजायला गेले आणि नाद सोडला. भैरूने एक झडप घातली, वरचा ओठ सुजून वांगं झालं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. आता माशी दिसली की मान वळवतो. वाळूचा कोपरा त्याने पहिल्याच दिवशी ताब्यात घेतला. माश्यांसाठी मातीच्या ताटलीत खडे टाकून पाणी ठेवते, ते मात्र तोच पितो. स्वतःची बादली शेजारी भरलेली असताना!
– परसबागवाली