शंभराच्या स्टँपपेपरवर बापपण सुटतं का?

कलमबंद
"नवरा दोन वर्षं फिरकला नाही ना, मग स्टँपपेपरवर 'मुलावरचा हक्क सोडला' लिहून घ्या, नोटरी करा, विषय संपला." हा सल्ला वाचून राहवलं नाही. विषय संपत नाही! ताबा आईकडे गेला तरी बापाची पोटगीची जबाबदारी आणि मुलाचा वारसाहक्क तसाच राहतो. कायद्याने नातं तुटतं ते दत्तकानेच. आणि हा कागद उद्या पोटगीच्या अर्जात बापाचाच वकील पुढे करतो.

रोखठोक
सावत्र वडिलांना मूल दत्तक घ्यायचं असेल तर गायब बापाची संमती आणायची कुठून? १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात ती माफ होते तीनच कारणांनी: संन्यास, धर्मांतर, किंवा कोर्टाने मनोरुग्ण ठरवणं. सोडून जाणं त्यात नाही. बायका स्टँपपेपरकडे वळतात त्या म्हणून.

कलमबंद
ही उणीव मान्य. पण १८९० च्या पालकत्व कायद्याने बाप अपात्र ठरवून दुसरा पालक नेमून घेता येतो. नोटीस शेवटच्या पत्त्यावर, परत आली की कोर्टाच्या परवानगीने वर्तमानपत्रात. शाळेची फी कोण भरतं, पोटगी किती थकली, याचे कागद जोडा.

पाळणाघर
बापांचं पुरे, तान्ह्या बाळांचं बोला. आईने बालकल्याण समितीपुढे (निराधार, सोडलेल्या मुलांचे निर्णय घेणारी सरकारी समिती) मूल दत्तकासाठी सोपवलं की फेरविचाराला ६० दिवस. तोवर बाळाला घर नाही. ३० पुरेत.

रोखठोक
अजिबात नाही! ओली बाळंतीण, घरच्यांचा दबाव, त्यात केलेली सही. एकदा दत्तक झालं की परतीची वाट नाही. ६० चा एक दिवससुद्धा कमी करू नका.

पाळणाघर
दबाव समितीने सहीआधी ओळखायचा. समुपदेशन कायद्यातच आहे, ते दहा मिनिटांत उरकतात. त्याची शिक्षा बाळाला का?

कलमबंद
दोघेही चुकीच्या जागी भांडताय. मूल दत्तकासाठी मोकळं ठरवायला समितीचे किमान तीन सदस्य लागतात. जागा रिकाम्या असल्या की ६१ व्या दिवशी आदेश निघतच नाही. टाकून दिलेल्या मुलाचंही तेच: दोन वर्षांपर्यंतच्याला दोन महिने, मोठ्याला चार, ही मुदत कागदावरच राहते.

पाळणाघर
सदस्यांचं पटलं. ३० दिवसांचं मी सोडत नाही.

रोखठोक
मग ती बाई ४५ व्या दिवशी परत आली तर तिला काय सांगणार, तेवढं लिहा.