जिभेच्या शस्त्रक्रियेनंतर गळ्यात नळी: वडिलांचा आवाज परत येईल का?

साखळीकर (प्रश्न):
नमस्कार. माझ्या वडिलांवर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जिभेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. जिभेचा डावा भाग काढून तिथे हाताची कातडी लावली आहे, आणि सुजेमुळे श्वास अडू नये म्हणून गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली आहे. ते ओठ हलवतात, पण आवाज अजिबात फुटत नाही. गावच्या भजनी मंडळात गवळण म्हणणाऱ्या माणसाला कूस बदलायची असली तरी पाटीवर लिहावे लागते, हे पाहवत नाही. त्यांचा आवाज कायमचा गेला आहे का? स्पीकिंग व्हॉल्व नावाची वस्तू असते असे कळले. ती आम्ही विकत आणून बसवावी का?

वाचाउपचारतज्ज्ञ, फोंडा:
व्हॉल्व स्वतःहून कृपया बसवू नका. कारण आधी सांगतो. आवाज फुप्फुसातली हवा स्वरयंत्रातून वर जाताना निर्माण होतो. नळी स्वरयंत्राच्या खाली असते आणि सुरुवातीला तिच्याभोवतीचा फुगा भरलेला ठेवतात, जेणेकरून लाळ व रक्त फुप्फुसात उतरू नये. त्यामुळे सगळी हवा नळीतूनच ये-जा करते आणि शाबूत असलेल्या स्वरयंत्रापर्यंत पोहोचतच नाही. वडिलांचे स्वरयंत्र काढलेले नसेल, तर आवाज गेलेला नाही, त्याची वाट तेवढी बंद आहे.

स्पीकिंग व्हॉल्व हवा आत घेतो आणि उच्छ्वासाच्या वेळी मिटतो. मग हवेला नळीच्या कडेने वर जावे लागते. फुगा भरलेला असताना हा व्हॉल्व बसवला तर आत गेलेल्या हवेला बाहेर पडायला जागाच उरत नाही आणि रुग्ण गुदमरतो. म्हणून सूज उतरल्यावर डॉक्टर लाळ गिळता येते का ते पाहतात, फुगा पूर्ण रिकामा करतात, गरज वाटल्यास नळी बारीक घालतात आणि नळीच्या तोंडावर क्षणभर बोट ठेवून हवा वर जाते का ते तपासतात. तिथे आवाज निघाला, की व्हॉल्वचा विचार करता येतो. व्हॉल्व लावल्यावर धाप लागली किंवा रुग्ण अस्वस्थ झाला तर तो ताबडतोब काढायचा, आणि झोपताना तो लावायचा नाही.

पेडण्याची मावशी:
बाळा, स्वरयंत्र आहे की नाही हे आधी डॉक्टरांना विचार. माझ्या यजमानांचे स्वरयंत्रच काढावे लागले, त्यामुळे त्यांचा श्वास कायमचा गळ्याच्या छिद्रातूनच चालतो आणि तू म्हणतोस तो व्हॉल्व त्यांच्या कामाचा नाही. त्यांच्या श्वासनलिका व अन्ननलिकेच्या मधल्या भिंतीत एक लहान झडप बसवली आहे. छिद्रावर बोट दाबले की हवा अन्ननलिकेत जाते आणि तिथल्या कंपनाने ते बोलतात. आवाज घोगरा आहे, पण फोनवर नातवाला कळतो. चहा पिताना झडपेतून गळून खोकला येऊ लागला, की ती बदलून घ्यावी लागते. हे ऐकून घाबरू नकोस, तुझ्या वडिलांचे दुखणे वेगळे आहे.

साखळीकर:
मावशी, सर, आभारी आहे. आज विचारले. स्वरयंत्राला हात लावलेला नाही. नळीच्या बाहेर लोंबणारी लहान निळी फुगी अजून टणक आहे, म्हणजे आतला फुगा भरलेला आहे, असे सिस्टरांनी दाखवले. आवाज आल्यावर शब्द पूर्वीसारखे स्पष्ट येतील का?

वाचाउपचारतज्ज्ञ, फोंडा:
आवाज आणि उच्चार या दोन गोष्टी वेगळ्या धरा. ‘प’, ‘ब’, ‘म’ ओठांनी होतात, ते बरे येतील. ‘ट’, ‘ळ’, ‘र’ यांना जीभ उचलावी किंवा वळवावी लागते, तिथे अडखळ राहील. उरलेल्या जिभेचे व्यायाम आणि सावकाश बोलण्याचा सराव यांनी पुष्कळ फरक पडतो, आणि जीभ टाळूला पोहोचतच नसेल तर टाळूला जाड करणारी कवळीसारखी पट्टी करून घेता येते. किरणोपचार द्यायचे ठरले, तर जीभ व जबडा आखडू नये म्हणून व्यायाम कोणते आणि केव्हापासून करायचे, ते तिथल्या उपचारतज्ज्ञांना आधीच विचारा.

तोवर पाटीसोबत एक मोठा पुठ्ठा करा. ‘दुखते’, ‘घुसमटते’, ‘नळीतला बेडका काढा’, ‘कूस बदला’, ‘सिस्टरांना बोलवा’ असे शब्द ठळक मराठीत लिहा, म्हणजे त्यांना बोट ठेवले की पुरे. घुसमटल्याचा शब्द सर्वांत वर, लाल अक्षरांत असू द्या, आणि रात्री सोबतीला थांबणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवून ठेवा.