एत्झिओ नायक आहे का?

रानवारा: असॅसिन्स क्रीड २ (२००९) हा व्हिडिओ गेम परवा तिसऱ्यांदा संपवला. ऐतिहासिक गेममध्ये एत्झिओ आउदितोरेइतका घडत गेलेला नायक मी पाहिलेला नाही. वडील आणि दोन भाऊ फासावर जातात तेव्हा हा सतरा वर्षांचा. पुढे शत्रू घराण्यातल्या व्हिएरी पात्झीला मारल्यावर त्याच्या प्रेताला गदागदा हलवून शिव्या देतो. मारिओकाका दरडावतो आणि मेलेल्या शत्रूला शांती मागतो. पुढे एत्झिओ स्वतःच मेलेल्यांपाशी वाकून तेच शब्द म्हणू लागतो. आणि १४९९ मध्ये या सगळ्यामागचा रोद्रिगो बोर्जिया हातात सापडूनही त्याला जिवंत सोडतो!

पारिजात: असहमत. एत्झिओला जागा करून देताना खऱ्या माणसांना बाहेर काढलंय. २६ एप्रिल १४७८, फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये मिस्सा (ख्रिस्ती प्रार्थनाविधी) चालू असताना जुलियानो मेदिचीला भोसकलं. त्याचा भाऊ, शहराचा कर्ता लोरेन्झो वाचला, कारण त्याचा मित्र फ्रान्चेस्को नोरी मध्ये पडला आणि मारेकरी बारोन्चेल्लीच्या हातून मेला. गेममध्ये लोरेन्झोला वाचवतो एत्झिओ. बारोन्चेल्लीला मारतोही तोच. प्रत्यक्षात बारोन्चेल्ली कॉन्स्टॅन्टिनोपलला पळाला, सुलतानाने त्याला परत धाडलं आणि डिसेंबर १४७९ मध्ये तो फासावर गेला. लटकलेल्या त्या देहाचं रेखाचित्र लिओनार्दो दा विंचीने काढलंय, शेजारी कपड्यांचे रंग टिपलेत: काळं सॅटिन, निळा अंगरखा, कोल्ह्याच्या फरचं अस्तर. गेममध्ये लिओनार्दो एत्झिओचा जिवलग मित्र, आणि हे चित्रच त्यात नाही!

सांगाती: रोद्रिगोला सोडण्यात मोठेपणा कसला? तो म्हणजे पोप अलेक्झांडर सहावा, १५०३ पर्यंत जगला. लेखकांना तेव्हा त्याला मारताच येत नव्हतं.

रानवारा: सांगाती, अडचण होती हे मान्य. पण तिच्यातूनच सूडकथेचा शेवट बदलला ना? खून करूनही घरचे परत येणार नाहीत, हे त्याला तिथे उमगतं. पारिजात, तुम्ही पिसांबद्दल बोलतच नाही. फासावर गेलेला धाकटा भाऊ पेत्रुच्चो पिसं जमवायचा. तो गेल्यावर आई बोलायची थांबते, पलंगाशी गुडघे टेकून बसलेली असते. एत्झिओ छपरांवरून शंभर पिसं गोळा करून तिच्यापाशी आणतो. खुनाच्या कथेत मागे राहिलेल्या आईकडे इतका वेळ कोण देतं?

पारिजात: पिसं मलाही भिडली, सगळी शंभर जमवलीत. म्हणून तर राग येतो. घडवलेल्या पेत्रुच्चोसाठी इतकी माया आहे, आणि लोरेन्झोसाठी खरोखर मेलेल्या नोरीला त्याच्या स्वतःच्या प्रसंगात जागा नाही.