कलम 21 ची नोटीस आली आहे: रोख की टीडीआर?

मालाडकर
मालाड पश्चिमेला आजोबांच्या नावावर 420 चौ.मी. प्लॉट आहे. त्यातले 130 चौ.मी. रस्त्यात जातात, जुन्या बैठ्या घराची एक खोलीही आखणीत येते. विशेष भूसंपादन अधिकाऱ्यांची, भूसंपादन कायद्याच्या कलम 21 ची, म्हणजे भरपाईचे दावे मागवणारी नोटीस आली. महापालिकेचे लोक टीडीआर (रोखीऐवजी मिळणारा, वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क) घ्या म्हणतात. आजोबा हयात नाहीत, मिळकत पत्रिकेवर नाव अजून त्यांचंच. सुनावणीत काय काय द्यायचं?

मोजणीदार
आधी वारस नोंद. मृत्यूदाखला आणि वारसांची कागदपत्रं जोडून नगर भूमापन कार्यालयात लगेच अर्ज टाका. हक्काचा वाद राहिला तर रक्कम भूसंपादनाचे वाद सोडवणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा होते, मग तिथून सोडवत बसावं लागतं.

संयुक्त मोजणीचा नकाशा मागा आणि रस्त्याची रेषा नेमकी कुठल्या भिंतीवरून जाते ते जागेवर टेप लावून ताडा. विहीर, कंपाउंड, झाडं तक्त्यातून सुटली तर मूल्यांकनातूनही सुटतात. लेखी हरकत द्या, पोच घ्या. खोली पाडल्यावर उरलेलं घर राहण्याजोगं नसेल तर कलम 94 खाली पूर्ण घर संपादित करा अशी मागणी करता येते, पण ती निवाड्याआधी, म्हणजे अधिकाऱ्यांचा भरपाई ठरवणारा आदेश निघण्याआधी.

हिशेबनीस
खरी लढाई दराची आहे. कलम 26 प्रमाणे एकीकडे रेडी रेकनरचा सरकारी दर, दुसरीकडे गेल्या 3 वर्षांतल्या आसपासच्या खरेदीखतांपैकी चढ्या दराच्या निम्म्या खतांची सरासरी. जास्त असेल तो दर. खतं शोधायचं काम अधिकाऱ्यांवर सोडू नका, सूची 2 (नोंदणी झालेल्या खतांचे उतारे) स्वतः काढा. मात्र खतं तशाच प्रकारच्या जमिनीची हवीत, फ्लॅटची चालत नाहीत. आणि नोटिशीत एमआरटीपीचं (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याचं) कलम 126 आहे की थेट 2013 चा भूसंपादन कायदा, ते बघा. बाजारमूल्य कुठल्या तारखेचं धरायचं हे त्यावर ठरतं.

समजा जमीन 1 कोटी, बांधकाम 10 लाख. जमिनीच्या किमतीला लावायचा गुणक शहरात 1. म्हणजे 1.10 कोटी, त्यावर सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची 100 टक्के दिलासा रक्कम, झाले 2.20 कोटी. बाजारमूल्यावरचे वार्षिक 12 टक्के वेगळे. दिलासा फक्त जमिनीवर लावलेला दिसला तर तिथेच अडवा. कलम 96 मुळे निवाड्याच्या रकमेवर प्राप्तिकर नाही, तेव्हा टीडीएस कापू नये असं पत्र आधीच द्या.

गिरगावकर
टीडीआर एकदा स्वीकारला की त्या जागेची रोख भरपाई विसरा. जागा रिकामी, भाररहित करून महापालिकेच्या नावे चढवल्याशिवाय डीआरसी (टीडीआरचं प्रमाणपत्र) हातात पडत नाही, आणि विकायला गेलात तर भाव बाजार ठरवणार. उरलेल्या 290 चौ.मी.वर स्वतः बांधायचं असेल तरच विचार करा. नाहीतर माझं मत रोखीचं.

पैसे घेताना पावतीवर ‘रकमेबद्दलची हरकत राखून स्वीकारले’ असं लिहाच. ते नसेल तर कलम 64 खाली वाढीव भरपाई मागता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर त्या अर्जाला निवाड्यापासून 6 आठवडे मिळतात. वारस चार असतील तर चौघांच्याही पावतीवर हे वाक्य हवं.