घोट गिळताना घशात करंटसारखी कळ: नसांवरच्या औषधांचा अनुभव आणि सल्ला हवा आहे

निळीशाई
आईच्या (वय ६४) घशाचा त्रास बरेच महिने चालू आहे. डाव्या बाजूला, जिभेच्या मुळाशी, घोट गिळला की करंट बसल्यासारखी कळ येते, कानापर्यंत जाते आणि थोड्या वेळात विरते. जांभई आली किंवा जास्त बोलणं झालं तरी तेच. मधल्या वेळात काहीही दुखत नाही. पण भीतीनेच तिचं खाणं निम्म्यावर आलंय, पाणीही घोटघोट पिते.

ईएनटी डॉक्टरांनी दुर्बिणीने घसा पाहिला, एंडोस्कोपीही झाली. दोन्हींत काही सापडलं नाही. आम्लपित्ताच्या गोळ्या आणि पातळ अँटासिड दोन्ही चालू आहेत, कळ जशीच्या तशी. आता डॉक्टर म्हणाले की हे नसेचं दुखणं असावं, आणि गॅबापेंटिन १०० मिग्रॅ रात्री लिहून दिलं. दुसऱ्या डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलीन १० सुचवलं होतं. कुणी ही औषधं घेतली आहेत का? फरक कधी पडतो? कॅप्सूल गिळतानाही तिला कळ येते, त्याचं काय करायचं? आणि गुंगी किती येते? ती रात्री एकटीच उठते, त्याची काळजी वाटते.

रानवारा
माझ्या यजमानांना घशाच्या नसेच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन दिलं होतं. १०० ही फक्त सुरुवात असते. तेवढ्यावर फरक दिसला नाही म्हणून औषध निरुपयोगी ठरवू नका. डॉक्टर हळूहळू डोस वाढवतात आणि योग्य डोसवर आल्यावरही काही आठवडे द्यावे लागतात. आमच्याकडे दुखणं पूर्ण गेलं नाही, पण जेवण शांतपणे होऊ लागलं आणि आम्हाला तेच हवं होतं.

सुरुवातीला चक्कर आणि झोप भरपूर. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा आणि उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायला सांगा. पुढे पायांवर सूजही येऊ शकते.

एक गोष्ट आम्हाला औषधविक्रेत्याने सांगितली: अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड सोबत घेतलं तर गॅबापेंटिन कमी शोषलं जातं. दोन्हींत किमान २ तासांचं अंतर ठेवा. तुमच्या आईंचं पातळ अँटासिड चालू आहे म्हणून मुद्दाम लिहितेय. हे औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं, त्यामुळे क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी) अलीकडचा रिपोर्ट डॉक्टरांना नक्की दाखवा.

शब्दाळू
मी गिळण्याच्या पुनर्वसनाचं काम करते. औषध ठरवणं डॉक्टरांचंच काम, पण त्याआधीचा एक प्रश्न तुम्ही घरी नीट पाहू शकता. आईंना गिळताना *दुखतं*, की घास *खाली जात नाही*? दुखण्याच्या भीतीने हळू खाणं वेगळं. घास छातीत अडकणं, पाणी पिताना ठसका लागणं, जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता होणं हे पूर्णपणे वेगळं. नसांवरची औषधं नसेच्या वेदनेवर चालतात. दुबळा स्नायू त्यांनी बळकट होत नाही, अरुंद झालेली अन्ननलिका रुंद होत नाही. उलट ज्यांना आधीच ठसका लागतो, त्यांच्यात गुंगीमुळे अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. गेल्या काही दिवसांत ठसका लागला असेल तर औषध सुरू करण्याआधीच तसं सांगा आणि गिळण्याची तपासणी (बेरियम स्वॉलो, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळताना पाहणं) करून घ्या.

तुम्ही लिहिलंय तसं एका बाजूचं, क्षणिक, करंटसारखं, कानात जाणारं, गिळण्या-बोलण्याने उठणारं दुखणं नवव्या कपालीय नसेच्या (मेंदूतून थेट घशाकडे येणाऱ्या नसेच्या) न्यूराल्जियात, म्हणजे नसेच्या कळांच्या आजारात, दिसतं (ग्लॉसोफॅरिंजियल न्यूराल्जिया). तेच आहे असं मी इथून म्हणत नाही, पण हे नाव घेऊन डॉक्टरांना विचारा. त्यात बहुधा आधी कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिनचा विचार होतो आणि फरक अनेकदा पहिल्या काही दिवसांतच कळतो. मात्र कार्बामाझेपिनआधी रक्ततपासणी हवी. सोडियम खाली जाऊ शकतं, वयस्कर लोकांत जास्त. शिवाय एचएलए-बी १५०२ हा जनुकप्रकार असलेल्यांना त्वचेची गंभीर, जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. आशियाई वंशाच्या लोकांत तो जास्त आढळतो, म्हणून त्याची चाचणी आधी करतात. न्यूरॉलॉजिस्टना दाखवा आणि एमआरआयबद्दल विचारा. कधीकधी एखादी रक्तवाहिनी नसेवर दाब देत असते. औषधं पुरली नाहीत तर ती शस्त्रक्रियेने बाजूला करता येते.

कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी येते का, त्या घाबरतात की खरंच शुद्ध हरपते? ही नस आणि हृदयाची गती आवरणारी व्हेगस नस जवळजवळ असतात. काही रुग्णांत कळेबरोबर नाडी एकदम मंदावते. असं एकदाही झालं असेल तर वाट न पाहता दाखवा.

अमिट्रिप्टिलीनने तोंड कोरडं पडतं. गिळायला आधीच त्रास असलेल्या माणसाला हा दुष्परिणाम फार जड जातो. काचबिंदू, लघवी अडणं, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी सांगाच. पण सतत जळजळ, ठणका असलेल्या दुखण्यात त्याचा चांगला उपयोग झालेला मी पाहिला आहे.

कॅप्सूलबद्दल: गॅबापेंटिन द्रवरूपातही असतं, डॉक्टरांना तेच लिहून द्यायला सांगा. कुठलीही गोळी कुटण्याआधी विचारा. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कधीच कुटायच्या नसतात.

तिसरीघंटा
आमच्या काकूंना हुबेहूब असंच होतं आणि नसांच्या औषधांनी जेमतेम फरक पडला. शेवटी सीटी स्कॅनमध्ये कानाखालचं सुळक्यासारखं हाड (स्टायलॉइड) वाढलेलं निघालं. ईगल सिंड्रोम म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर आराम पडला. टॉन्सिलच्या जागी बोटाने दाबून बघायला डॉक्टरांना जरूर सांगा, तिथे कळ उठली तर शंका घेतात.

अबोली
मला दुखत नाही, पण घशात सतत गोळा असल्यासारखं वाटतं. गिळताना उलट बरं वाटतं. मीही गॅबापेंटिन विचारू का?

शब्दाळू
अबोली, तुमचं वर्णन वेगळं आहे. जेवताना बरं वाटणारा गोळा बहुतेक वेळा धोक्याचा नसतो, आणि त्यात मी सुरुवातीलाच नसांवरच्या औषधांकडे जाणार नाही. आधी ईएनटींकडून घसा तपासून घ्या. पण वजन घटणं, घन पदार्थ दिवसेंदिवस जास्त अडकणं, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, मानेत गाठ, थुंकीत रक्त यांतलं काहीही असेल तर थांबू नका.

निळीशाई
सगळ्यांचे मनापासून आभार. ठसका लागत नाही, शुद्धही हरपलेली नाही. न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआय सांगितला आहे. रक्ताचे रिपोर्ट ठीक आले, म्हणून गॅबापेंटिनऐवजी कार्बामाझेपिन १०० दोनदा सुरू केलं. आई काल पहिल्यांदा पूर्ण जेवली. आता एकच विचारायचं आहे: कळ पूर्ण थांबली की गोळी बंद करायची का?

रानवारा
वा, छान झालं! अचानक बंद करू नका. किती दिवस चालू ठेवायची आणि कशी कमी करायची हे डॉक्टरच ठरवतील.

शब्दाळू
हो, एक अपवाद सोडून. अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि सोडियम पुन्हा कधी तपासायचं, ती तारीख आत्ताच लिहून घ्या.

निळीशाई
लिहून घेतलं, ताई.