फॅमिली ग्रुपवर: बंद जाहीर झाल्यानंतरचे तास

मोठे काका: परवा फोनवर बोललो तेच इथे लिहितो. लॉकडाऊन लागला की गावागावातलं जाणंयेणं थांबतं हे अर्धंच खरं, आधी ते एकदम वाढतं. कोरोनात चीनमधल्या वुहानमध्ये २३ जानेवारी २०२० ला पहाटे दोनच्या सुमारास सांगितलं की सकाळी १० पासून शहर बंद, मग त्या आठ तासांत ज्याला जमेल तो बाहेर पडला. इटलीत ७ मार्चला तर बंदच्या आदेशाचा नुसता मसुदा फुटला होता, तेवढ्यावर उत्तरेतल्या मिलानच्या स्टेशनवर दक्षिणेकडच्या गाड्या पकडायला धावपळ

दादा: मग वेळ द्यायचाच नाही ना काका, सांगितलं की लगेच बंद

ताई: दादा आपल्याकडे तेच केलं की. २४ मार्चला रात्री ८ ला घोषणा, १२ पासून लागू, रेल्वे त्याआधीच थांबलेली. तरी लोक निघालेच ना, ज्यांची मजुरी रोजची आणि राहायची जागा कामाच्या साईटवरच त्यांनी काम बंद झाल्यावर थांबायचं कुठे आणि कशावर, शेकडो किलोमीटर चालत गेले पोरं खांद्यावर घेऊन. मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक गाड्या सुटल्या १ मेला, पाच आठवडे उलटून गेल्यावर

दादा: पण गाड्या चालू ठेवल्या असत्या तर साथ गावोगाव गेली असती

मोठे काका: जातेच रे, पण रस्ता अडवून किती अडते ते बघ. वुहानवर सायन्स मासिकात अभ्यास आला होता, चीनच्या आत साथ पुढे सरकायला फक्त ३ ते ५ दिवस उशीर झाला असं त्यात निघालं. कारण बंद करेपर्यंत लागण झालेली माणसं बाकीच्या शहरांत पोचली होती. परदेशात जाणारे रुग्ण मात्र बरेच कमी झाले, ते मी नाकारत नाही

ताई: आणि तुटतो तो लांबचा प्रवासच. जर्मनीत मोबाईलच्या नोंदींवरून बघितलं तर जवळच्या फेऱ्यांपेक्षा लांबच्या खूप जास्त घटल्या होत्या

धाकट्या काकू: लांबचा म्हणजे माझा. आई आजारी होती तेव्हा मी प्रवासाच्या पाससाठी तीन वेळा अर्ज केला, वैद्यकीय कारण टाकलं तर डॉक्टरांचं पत्र पाहिजे, डॉक्टर आईच्या गावातले, त्यांनी पत्राचा फोटो पाठवला तर म्हणे मूळ कागद लागेल, आता मूळ कागद आणायला मी तिथे जाणार कशी, त्यासाठीच तर पास मागत होते. दोनदा नाकारला. तिसऱ्यांदा आला तेव्हा आई जाऊन चार दिवस झाले होते

दादा: काकू मला हे माहीतच नव्हतं

धाकट्या काकू: तेव्हा कुणाला सांगत बसले नाही रे. बंद नको होता असं मी म्हणत नाहीये, दवाखाने भरलेले मी पण बघितलेत

ताई: बंद करा पण त्याच घोषणेत सांगा ना, अडकलेल्यांसाठी गाडी कुठून किती वाजता, चढताना तपासणी, उतरल्यावर १४ दिवस राहायचं कुठे. इटलीत दक्षिणेच्या काही प्रांतांनी त्या गर्दीनंतर घाईघाईने आदेश काढले की उत्तरेकडून आलेल्यांनी घरातच वेगळं राहायचं, हे गाडी सुटायच्या आधी ठरायला हवं होतं

मोठे काका: बरोबर. आणि परत ऐनवेळी गर्दी होऊ नये म्हणून गाड्या पुढेही चालू राहणार हे पण सांगायचं, शेवटची गाडी वाटली की सगळे तिच्यातच घुसतात

धाकट्या काकू: पास देणाऱ्या ठिकाणी फोन उचलणारं माणूस पण पाहिजे. मी अकरा दिवस नुसता 'अर्ज विचाराधीन' वाचत होते